आधी नोटपॅडात टाक रं

आमच्या भावोजींइतका संशयी माणूस अख्ख्या कर्जत-खालापुरात शोधून सापडायचा नाही. माणसांवर त्यांचा डोळे झाकून विश्वास. संशय फक्त दुसरीकडून उचलून आणलेल्या मजकुराचा. खोपोलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळता सांभाळता हे खूळ त्यांच्या अंगात भिनलं. कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा लेखी हुकूम, कुठूनही कॉपी केलेली असो, ती आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायची, बोट ठेवून मोठ्याने वाचायची, आणि मगच टर्मिनलच्या काळ्या खिडकीत सोडायची. तीही पुढे # लावून, म्हणजे ती चालत नाही, निमूट बसून राहते. मग पुन्हा वाचन, # काढणं आणि एकदाचं एंटर. तोवर ताई त्यांचा चहा परत गरम करते आणि कपाळावर हात मारून घेते.

दहिवलीच्या एका लग्नात कुणीतरी त्यांच्या हातात माइक आणि मोबाइल दिला, "भावोजी, एवढा शुभेच्छांचा मेसेज वाचा." हे आपले मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचत उभे! अख्खा मंडप ताटकळला. मग वरमाईच्या कानाशी जाऊन म्हणाले, "ह्यात नवरीचं नाव दुसरंच हाय. गेल्या लग्नातलं उचललंय कुणीतरी." तसंच वाचलं असतं तर काय गोंधळ उडाला असता, विचारू नका.

मीही त्यांना खूप हसायचो. पण आई गेली, आणि तिचा जुना फोन आचके द्यायला लागला. तिने गायलेली भीमगीतं त्यातच होती. ती मी घाईघाईने लॅपटॉपवर उतरवली आणि दुसऱ्या दिवशी फोन मेलाच. फायलींना धड नावं नव्हती. सगळ्यांची नावं एकदम बदलणारी कमांड एका वेबसाइटवर मिळाली. रविवार होता, ताई-भावोजी आमच्याकडे भिवपुरीला आले होते. मी कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवणार, तोच भावोजींनी माझं मनगट धरलं.

"आधी नोटपॅडात टाक रं."

"भावोजी, एकच तर ओळ हाय!"

"मग वाचायला कितीसा वेळ लागतोय?"

टाकली, तर खाली आणखी एक ओळ! वेबसाइटवर ती दिसतच नव्हती, कॉपी करताना गुपचूप सोबत आली होती. अर्थ सरळ होता: या फोल्डरमधलं सगळं पुसून टाक. शेवटी एंटरही आयता जोडलेला, म्हणजे चिकटवल्याबरोबर काम तमाम. मी लॅपटॉपवरचा हात झटकन मागे घेतला. आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता हो! भावोजी मात्र लहान मुलासारखे खुशीत, "बघ, आली का नाय बाहेर!" आधी सगळी गाणी त्यांनी पेन ड्राइव्हवर घेतली, खालची ओळ उडवली, वरची मला मोठ्याने वाचायला लावली, आणि मग म्हणाले, "हं, आता मार एंटर."

पहिलं गाणं लावलं. गाण्याआधी आईचं बोलणं आलं, "जावईबापू, चालू झालं का ओ? नीट बघा हां." पाठोपाठ भावोजींचाच आवाज, "बघतोय, आई. तुमी गा."

रेकॉर्डिंग आपणच केलं होतं, हे भावोजी साफ विसरून गेले होते. आई गात राहिली. त्यांनी चष्मा काढला, तो सदऱ्याला पुसत राहिले आणि गाणं संपल्यावर हळूच म्हणाले, "पुन्हा लाव रं. पहिल्यापासून. आईंचं बोलणं पण येऊ दे."