बंदुकीचं वय

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई देवांची पितळी भांडी चिंचेनं घासत बसली होती. ती लखलखली, तशी तिनं पूजेसाठी काढलेली पणजोबांची ठासणीची बंदूक पुढ्यात ओढली. तेवढ्यात शेजारचे कदमकाका आले. त्यांची सारी नोकरी वस्तुसंग्रहालयात गेलेली.

"वहिनी, चिंच नको!" ते दारातूनच ओरडले.

"अहो, पितळ बघा केवढं काळवंडलंय!"

"ते तिचं वय आहे. घासून नवी केलीत, तर तिला किंमत काय राहील?"

मग त्यांनी मऊ फडक्यावर दोन थेंब तेल घेतलं आणि तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशी बंदूक हलक्या हातानं पुसली. धूळ गेली, काळेपण राहिलं, आणि त्या काळेपणालाच मंद तकाकी आली. मला गंमत वाटली. स्वच्छ करणं म्हणजे नवं करणं, असंच मी आजवर धरून चालले होते.

आई बराच वेळ बंदुकीकडे पाहत होती.

सणाआधी तिच्या केसांना कलप लावायचं काम माझं. संध्याकाळी मी तो वाटीत कालवून आणला, तर तिनं ऐटीत मान फिरवली.

"ठेव तो बाजूला. नुसतं तेल लाव."