जवळ आलं की ओरडायचं

माझ्या रानात माणसं आभाळातनं उतरतात, असं सांगितलं की नवा पाहुणा आधी माझ्या तोंडाकडं बघतो. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय असं त्याला वाटतं. पण खरंच उतरतात. पन्हाळ्याच्या पलीकडं आमचं गाव, गावामागं मोठा सडा, म्हणजे कातळाचं पठार. त्या सड्यावरनं कापडाचे ग्लायडर घेऊन पोरं-पोरी उडतात आणि भात काढून मोकळ्या झालेल्या आमच्या रानात उतरतात. इंजिन नाही, पेट्रोल नाही, नुसतं वारं. दरसाल उसाचा हंगाम चालू असताना इथं स्पर्धा भरते. ठरवून दिलेल्या ठिकाणांवरनं फिरून जो आधी परत येईल तो पहिला. उतरायला रान आमचं, सोबतची भाकरी आमच्या चुलीवरची, आणि उडणाऱ्यांत एक नात आमची. म्हणून स्पर्धावाल्यांच्या बैठकीत मलाही एक खुर्ची असते.

नात हुशार, हे मी आज्जी म्हणून सांगत नाही. ग्लायडर वर चढतो तो गरम हवेवर, आणि ती हवा डोळ्याला दिसत नाही. नातीला इथला एकेक कातळ माहीत. कुठला सडा कधी तापतो, उसाचं पाचट कुठं पेटवलंय, घारी कुठं घिरट्या घालतायत, हे बघून ती वाट काढते. बाहेरगावची पोरं मागं राहतात ती इथंच.

आता यंत्राचं सांगते, म्हणजे पुढचं भांडण कळंल. प्रत्येकाच्या मांडीवर मोबाईलएवढं एक यंत्र बांधलेलं असतं. ती यंत्रं एकमेकांशी बोलतात. दोघं जण हवेत फार जवळ आले की ओरडतात. एकमेकांच्या दोऱ्या गुंतू नयेत म्हणून ही सोय. पण तेच यंत्र लांबचंही सांगतं. कोण कुठं आहे आणि किती भराभरा वर चढतोय, सगळं पडद्यावर दिसतं. म्हणजे नातीनं हवा शोधायची, आणि मागच्यांनी पडद्यात बघून आयतं तिथं यायचं.

गेल्या हंगामात स्पर्धा संपत आली असताना एके दिवशी नातीनं माझ्याकडं भाकरी गुंडाळायचा तो चांदीसारखा कागद मागितला. म्हटलं, वर सड्यावर भूक लागत असंल, घे की. दुसऱ्या दिवशी आजऱ्याच्या पोरानं पण मागितला. आजरा गावाकडनं आलेला हा पोरगा उडण्यात तिच्या तोडीचा. दोघांची सतत चुरस, आणि जेवायला मात्र दोघं आमच्याच पंगतीत. त्यालाही दिला.

त्या दुपारी दोघं एकामागोमाग रानात उतरली ती भांडतच. ग्लायडर गोळा करायचं भानसुद्धा नाही.

“डोळं फुटलं व्हतं काय तुझं? सरळ अंगावर आलास!”

“मी आलो? तू खालनं वर आलीस! आणि तुझं यंत्र का वरडलं न्हाय?”

“तुझं का न्हाय वरडलं, ते सांग आधी!”

मी तांब्या घेऊन गेले होते. बघते तर दोघांच्याही यंत्राच्या एरियलला माझ्या चुलीपुढचा तो चकाकता कागद गुंडाळलेला. एरियल झाकलं की आपण कुणाला दिसत नाही. पण मग आपल्यालाही कुणी कळत नाही. दोघांनी लपायला एकच युक्ती केली, आणि एकाच गरम हवेत दोघं आंधळी होऊन फिरली. कापडाला कापड घासून गेलं होतं.

मी तांब्या पुढं केला. नुसतं म्हटलं, “पाणी प्या. सांजच्याला बैठकीत बोलू.”

“आज्जी, बैठकीत नको की,” नात म्हणाली. ती काही भीत नाही कशाला, पण तेव्हा भ्याली.

बैठक शाळेच्या पटांगणात. मुख्य पंच पुण्याचे, पिकल्या मिशांचे, स्वतः कितीतरी वर्षं उडालेले. मी उभी राहिले आणि काय झालं ते सांगून टाकलं. माझ्या नातीसकट. मग म्हटलं, “सायेब, उद्यापासनं ज्याचं यंत्र झाकलेलं, त्यानं माझ्या रानात उतरायचं न्हाय. जावं उसात.”

पोरं हसली. पंच हसले नाहीत. म्हणाले, “झाकणाऱ्याला बाद करता येईल. पण आज्जी, उघडं ठेवलं की जो स्वतः हवा शोधतो तो हरतो आणि मागनं येणारा जिंकतो. तोही अन्यायच.”

“आमच्या मामंजींनी जत्रंच्या कुस्त्यांत पंच म्हणून काम केलं,” मी म्हटलं. “आधी पैलवानाची नखं बघायचे. वाढलेली नखं काप, मग आखाड्यात ये. तसं करा की.”

“नखं कापली की काम झालं. इथं जे जीव वाचवतं तेच चहाडी करतं. कापायचं काय?”

त्यांचं बरोबर होतं. मी खाली बसले, पण उठून गेले नाही. ठरवलंच होतं, नियम ऐकल्याशिवाय घरी जायचं नाही.

पुष्कळ वाद झाला. शेवटी पंचांनीच वाट काढली. नव्या यंत्रात अशी सोय असते की लांबचं काही दाखवायचं नाही, जवळ कुणी आलं तरच ओरडायचं. सगळ्यांनी ती चालू करायची आणि उडायच्या आधी त्यांना दाखवायची. आवाज पूर्ण मोठा. लांबचं ज्याला बघायचंय त्यानं डोळ्यानं बघावं. सगळ्यांच्या माना हलल्या.

आजऱ्याचा पोरगा उठला. “पर हिचं यंत्र जुनं हाय की सर. त्यात ती सोय न्हाय. ही सगळ्यांना बघणार.”

खरं होतं ते. नातीनं यंत्र कुणाचंतरी वापरलेलं घेतलं होतं. सगळे तिच्याकडं बघायला लागले. शेवटच्या दिवसाचं उड्डाण राहिलं होतं, ती पहिल्या नंबरावर होती, आजऱ्याचा अगदी मागोमाग, आणि मी मागितलेल्या नियमानं तीच बाहेर पडायची पाळी. पण नियम मागं घ्या, असं तोंडातनं येईना. ते कापड घासलेलं डोळ्यांपुढनं जात नव्हतं.

नात म्हणाली, “पडद्यावर चिकटपट्टी लावा. मी आवाजावर उडते.”

“न्हाय!” मीच ओरडले. “आवाजानं बाजू कळत न्हाय. निम्मं आंधळं होऊन उडायचं न्हाय!”

“आज्जी, तूच मागितलास की नियम.”

“जीव सांभाळायला मागितला, बाई.”

पंचांनी ते यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. वरच्या कडेला बारीक दिवे होते. ज्या बाजूनं कुणी जवळ येईल त्या बाजूचा दिवा लागतो. ते म्हणाले, “पडदा झाकू. दिवे उघडे, आवाज चालू. धोका कुठनं येतोय ते हिला कळंल. लांबचं काही कळणार नाही. कुणाची हरकत?”

आजऱ्याच्या पोरानं दिवे वाकून बघितले. मग म्हणाला, “माझी न्हाय.” पंचांनी स्वतः पट्टी लावली, वर सही केली. मी दिवे डोळ्यांनी बघून घेतले, बोट लावून बघितले, मग उठले.

शेवटच्या दिवशी मी रान सोडलं नाही. सून सारखी म्हणत होती, “सावलीला तरी या, आत्ती.” आभाळात ठिपके दिसायचे, मोठे व्हायचे, आणि जवळ आले की घारी निघायच्या. मग दोन ठिपके बरोबरच आले. पहिला उतरला तो आजऱ्याचा. नात त्याच्या मागनं, अगदी थोडक्यात.

तिनं हेल्मेट काढलं. तोंड उन्हानं लाल. पट्टी जागची हललेली नव्हती.

“काय झालं गं?”

“मी वर चढताना यानं बघितलं आणि माझ्या खाली आला. माझीच हवा.”

“यंत्रात बघून?”

“न्हाय. डोळ्यानं.” मग म्हणाली, “दोनदा वरडलं यंत्र. ज्या बाजूचा दिवा, त्या बाजूला हाच. मी बाजूला झाले, त्यानं पण जागा दिली.”

आजऱ्याचा पोरगा लांबनं म्हणाला, “आज्जी, भाकरी हाय काय?”

“पहिल्या नंबराला मिळत न्हाय, जा!” नात म्हणाली.

“मग दुसऱ्या नंबरानं वाढावी की!”

तिनं त्याला एक ढेकूळ फेकून मारलं. चुकलं ते. आणि मग, मला वाटलं आता घरी जाईल, रडंल, तर ती तशीच घामेजल्या अंगानं पंचांकडं निघाली. ते गाडीत सामान भरत होते.

“सर, पुढच्या साली पहिल्या दिवसापासनं हाच नियम पाहिजे. आणि यंत्र नवं असू दे न्हायतर जुनं, पडदा सगळ्यांचाच झाकायचा.”

“बघू. समितीपुढं मांडावं लागंल.”

“मग मला बोलवा समितीपुढं.”

त्यांनी गाडीचा दरवाजा धरला. ती तिथनं हलली नाही. मीही जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

“बरं,” पंच म्हणाले, “दोघी या.”