माणिकबाईंची कवळी

माणिकबाई इंगळे बाळापूरजवळच्या एका गावात सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. रोज सकाळी लेकरांना ओळीत उभं करून त्यांचे दात पाहायच्या. ज्याचे पिवळे, त्याची रवानगी नळावर. स्वतः मात्र घरी गेल्यावर दार लोटून मिसरी लावायच्या. निवृत्तीच्या आधीच एकेक दात हलला, पडला, आणि अकोल्याहून कवळी बसवून आणावी लागली.

नवऱ्याचे, नत्थुजींचे, दात अजून शाबूत. त्यांच्यासमोर बोळकं तोंड दिसू नये म्हणून बाई झोपतानाही कवळी काढत नसत. सकाळी चूळ भरली की झालं.

एकदा बचत गटाच्या बैठकीत शेजारच्या वच्छलानं नाकाला पदर लावला आणि जरा सरकून बसली. पुढच्या बैठकीतही तेच झालं. तेव्हापासून बाई तिथं जायच्याच बंद झाल्या. पुढे जेवताना टाळूची आग होऊ लागली, तशी सून प्रणाली त्यांना अकोल्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"रात्री कवळी काढून ठेवता ना? ब्रशनं घासता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

कवळी बाहेर निघाली. आतून हिरवट, चिकट थर. टाळूवर लालभडक चट्टे. डॉक्टरीणबाईंनी ती शांतपणे ट्रेमध्ये ठेवली. प्रणालीनं मात्र मान खिडकीकडे वळवली. बाईंना ते फार लागलं.

"खोटं बोलली मी, मॅडम," त्या खाली पाहत म्हणाल्या. दातांविना शब्द नीट उमटेनात. "तीन वर्सांत एकबी रात्र काढली नाही."

मऊ ब्रश, साधा साबण, रात्री वाटीभर पाण्यात कवळी. हिरड्याही ओल्या फडक्यानं पुसायच्या. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं आज कुणीतरी त्यांना शिकवत होतं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांनी नत्थुजींसमोरच कवळी काढली. नजर वर केली नाही.

"मले त कवाचाच वास येऊन राहिला होता," नत्थुजी हळूच म्हणाले. "तुले वाईट वाटन म्हणून बोललो नाही."

"सांगाचं होतं ना तुमी."

"कसं सांगू?"

एवढी वर्षं आपण लपवत होतो, आणि घरातलं माणूस मुकाट्यानं सोसत होतं. बाईंना त्या रात्री स्वतःचीच किळस आली.

महिन्याभरात चट्टे गेले. मिसरीही सुटली. कवळीची वाटी आता फडताळात उघडी असते. पाहुणे आले की मात्र बाई आधी उठून तिच्यावर ताटली झाकतात.