दादाचा रिपोर्ट, मग माझा

वालीवला माझ्या मोठ्या भावाचं लेथचं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी एका दुपारी काम करता करता तो मशीनशेजारीच कोसळला. इकोत हृदय मोठं झालेलं निघालं. आमचे वडील असेच आगाशीच्या बस स्टॉपवर अचानक कोसळून गेले होते. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले, आम्हीही तेच मानलं. डॉक्टरीणबाईंनी वडिलांबद्दल ऐकलं आणि दादाला जनुकीय तपासणी करायला लावली.

मी विरारला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून रिपोर्ट त्याने आधी मला पाठवला. त्यात दोष असलेल्या प्रथिनाचं नाव होतं फॉस्फोलॅम्बान. मी होते तिथेच, स्टाफरूमबाहेरच्या पायरीवर, खाली बसले. एमएस्सीनंतर तीन वर्षं मी एका प्रयोगशाळेत याच प्रथिनावर काम केलं होतं. तेव्हा ते बर्फात ठेवलेल्या नळ्यांत असायचं. आमच्या घरात असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी दादाकडे गेले.

"मशीनवाल्याला कळेल असं सांग," तो म्हणाला.

"प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, त्याने ती आवळते. सैल व्हायला ते परत पेशीतल्या कोठीत भरावं लागतं. कोठीच्या पडद्यावर त्यासाठी पंप असतात. हे प्रथिन त्या पंपांना आवरून धरतं. आपण धावलो, घाबरलो की त्याला फॉस्फेट चिकटतं, पकड सुटते आणि पंप जोरात चालतो."

"आणि माझं?"

"प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समज. तुझ्या माळेतला एक मणी गळलाय. पकड हवी तशी सुटत नाही."

"पार्ट बदलता येतो?"

"अजून तरी नाही."

तो हसला. वहिनी हसली नाही. आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या लेकीकडे बघत तिने हळूच विचारलं, "आणि ताई, तुमची तपासणी?"

भावंडांत आणि मुलांत निम्मी शक्यता असते, हे मला ठाऊक होतं. तरी पेपर तपासायचेत म्हणत मी दोन महिने काढले. येता-जाता बोटं मनगटावर जायची. एकदा फळ्यावर पानाचा छेद काढताना छातीत काहीतरी फडफडलं आणि हातातला खडू पडला. "आकृती पूर्ण करा," असं मुलींना सांगून मी खुर्चीत बसून राहिले. कॉलेज सुटल्यावर तशीच रक्त द्यायला गेले.

रिपोर्ट आला तेव्हा मी बाजारात केळी घेत होते. बदल आढळला नाही. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. आनंद झालाच नाही. दादाला हे कसं सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. रिक्षा करून वालीवला गेले.

ठोके बिघडले तर झटका देणारं यंत्र तोवर त्याच्या छातीत बसवलं होतं. मशीन आता कारागीर चालवायचे, तो खुर्चीवरून बघायचा. मला पाहून उठला.

"आहे?"

"नाही."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुटलीस बाई." मला रडू आवरेना.

"तुलाच का पण?"

"ते मला विचारू नकोस. पोरीचं काय ते बघ."

पोरगी सतरा वर्षांची आहे. तिचा इको चांगला आला. जनुकाची तपासणी मात्र तिच्या मनाने होऊ द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बारावी झाल्यावर बघू, आत्या," एवढंच ती बोलली. शनिवारी ती माझ्याकडे जीवशास्त्र शिकायला येते. मागच्या आठवड्यात रक्ताभिसरणाचा धडा उघडला, तर तिने पानावर हात ठेवला.

"हा नंतर घेऊया का?"

मी मूत्रपिंडाचा धडा काढला.