गाईला न बसलेला कप

पार्सलवर नाव पोरीचं होतं. ते मी वाचलं नाही, कारण चष्मा घरात होता आणि मी गोठ्यात. आमच्या दूध काढायच्या मशीनचे लायनर, म्हणजे गाईच्या सडावर बसणारे रबर, चिरायला आले होते. कोल्हारच्या दुकानदाराला मी फोनवर नवा सेट सांगून ठेवला होता. त्यामुळे दारात पार्सल आलं म्हणजे ते लायनरच, असं धरून मी खोकं फाडलं आणि कसलाही कागद न बघता ते उकिरड्याकडं भिरकावलं. आत एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत चार नगांऐवजी एकच नग. तोही बोटाएवढा, मऊ, गुलाबी, बुडाला बारीक शेपटी असलेला.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी तो नळाखाली विसळला आणि काळ्या गाईच्या सडाला लावून बघितला. गाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, दोन क्षण विचार केला आणि पाय झाडला. नग शेणात गेला.

मी रागारागानं दुकानदाराला फोन लावला. "शेठ, एकच पाठवलाय, अन् तोबी शेळीच्या मापाचा!"

"मी कुठं काय पाठवलंय? तुमचे लायनर हितं काउंटरवर पडलेत. येऊन घेऊन जावा की."

तो नग चिमटीत धरून मी अंगणात आलो, तेवढ्यात पोरगी पाटाच्या कडेनं पळून परत आली. पोलीस भरतीसाठी ती रोज सकाळी पळते. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि जागीच उभी राहिली.

"पप्पा, हे कुठं लावलंत?"

"गाईला."

ती पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. आवाज ऐकून बायको पिठाच्या हातानं बाहेर आली, आणि जी गोष्ट पोरीनं आम्हा दोघांपासून लपवून ठेवली होती ती अंगणातच सांगायची वेळ आली. पोरीनं सांगितलं ते असं, की हा मासिक पाळीचा कप आहे. पॅडऐवजी घडी करून आत बसवायचा. रक्त त्याच्यात साठतं. ठरल्या वेळी काढून ओतायचं, धुवायचं, परत बसवायचं. असा एकच कप वर्षानुवर्षं चालतो.

आमच्या घरात पाळी हा शब्द तोपर्यंत माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. 'अडचण' म्हणतात. बायकोला अडचण आली की मला फक्त एवढंच कळायचं की आज देवपूजा माझ्याकडं. अडचणीत देवघर चालत नाही, पण गोठा चालतो. शेण तिनंच काढायचं असतं. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण करणारा गोठा असलेला पुरुषच असणार.

"तुला काय गरज पडली असल्या वस्तूची?" बायकोनं विचारलं.

तेव्हा पोरीनं खरं सांगितलं. मागच्या वर्षी नगरला मैदानी चाचणी होती, त्या दिवशी तिचा दुसरा दिवस होता. आठशे मीटर पळताना पॅड सरकलं. मांड्या सोलून निघाल्या ते वेगळंच, पण शेवटच्या वळणावर तिच्या मनात एकच, मागं डाग पडला असेल तर? पाय आपोआप आखडले. थोड्या गुणांनी ती मैदानी चाचणीतच बाहेर पडली. घरी येऊन आम्हाला 'पोटात दुखत होतं' एवढंच सांगितलं होतं आणि मी तिला रिकाम्या पोटी चहा पिण्याबद्दल भाषण दिलं होतं.

"यंदाची तारीख कधी लागंल, माहीत नाही," पोरगी म्हणाली. "तेव्हा परत आली तर? म्हणून मागवला. आत्तापासून सवय करायची होती."

बायकोनं पदराला हात पुसले. "न्हाई. लग्न न झालेल्या पोरीनं असलं काय आत घालायचं न्हाई. उद्या कोन काय म्हनंल?"

"आई, लग्नाला कुणी दारात आलंय का? भरती दारात आलीये."

"अन् आत गेलं अन् निघालंच न्हाई तर?"

मी मध्ये काहीतरी बोलणार होतो. दोघींनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी लायनर आणायला कोल्हारला निघून गेलो.

दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी होता. तिसऱ्या दिवशी दोघी मायलेकी डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आल्या. बाईंनी सांगितलं, काही होत नाही, हात स्वच्छ पाहिजेत आणि घाई नको. बायकोचं तरी समाधान झालं नाही. डॉक्टर, मोबाईलमधले व्हिडिओ, पोरीच्या मैत्रिणी, कुणावरच तिचा विश्वास नव्हता. शेवटी तिनं निकाल दिला, "आधी मी वापरून बघते. माझं नीट निघालं तर मग तू."

आमच्याकडं नवं पशुखाद्य आलं की आधी एका गाईला घालून बघतात. हे मी बोलणार होतो. बोललो नाही. एवढं शहाणपण मला त्या आठवड्यात आलं होतं.

शेणात पडलेला तर बादच झाला होता आणि पाडणारा मी, म्हणून नवे दोन मागवायचं काम माझ्याकडं आलं. एकमेकींचा चालत नाही, जिचा तिचा वेगळा. मोबाईलवर बघतो तर लहान, मध्यम, मोठा. मी बायकोकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यात मोठ्यावर बोट ठेवलं.

"बनियन घेताय व्हय?" बायको म्हणाली. "अंगावरनं माप नसतं त्याचं."

पोरीनं मोबाईल काढून घेतला आणि समजावलं. मूल झालेल्या बाईला मोठा, न झालेलीला लहान, असं साधारण बघतात. पळणारीला जरा कडक बरा, दाबला तर पटकन उघडतो. फार मऊ असला तर आत नीट उघडत नाही आणि मग गळतो. मी ट्रॅक्टरचे टायर घेतानाही इतका विचार केलेला नाही. रंग तेवढा मला निवडू दिला. मी निळा निवडला. त्या रंगाचं आमच्या गोठ्यात काही नव्हतं.

पार्सल आलं तेव्हा मी हात लावला नाही. स्वयंपाकघरात एक छोटं पातेलं वेगळं काढलं गेलं, त्याच्या कडेला पोरीनं नेलपॉलिशची खूण केली आणि त्यात कप उकळले. त्या पातेल्यात चहा टाकायचा नाही हा घरातला नवा कायदा, आणि तो एकट्या माझ्यासाठीच होता.

बायकोची पाळी आली ती ऐन दुपारी. बसवायला अर्धा तास गेला असेल, पण बसला. संध्याकाळी धारा काढताना ती नेहमीसारखी वाकली, उठली, चाऱ्याचं ओझं उचललं, आणि मला हळूच म्हणाली, "कायच कळत न्हाई हो. हाय का न्हाई तेबी कळत न्हाई." एवढ्या वर्षांच्या संसारात या विषयावरचं तिचं माझ्याशी हे पहिलं वाक्य. मी 'बरंय' म्हणालो.

खरी गंमत काढताना झाली. न्हाणीच्या दाराआड बायको, दाराबाहेर पोरगी आणि ओसरीवर मी.

"निघंना!"

"आई, शेपटी ओढू नको. बुडाला चिमट, हवा जाऊ दे."

"हवा कुठनं जायची? माझाच जीव चाललाय!"

"खाली बस. उकिडवी. जोर लाव थोडा."

"तुझ्या येळंला लावला तेवढा बास हुता!"

पोरीनं वळून मला सांगितलं, "पप्पा, कुट्टी मशीन चालू करा. शेजारी ऐकू जातंय."

मी चारा कापायचं ते मशीन चालू केलं आणि आत काय होतंय ते न कळल्यामुळं कुट्टी करतच राहिलो. कापून आणलेला मका संपला. कडबा संपला. बायको कधी बाहेर आली मला कळलंच नाही. मशीन बंद केलं तर ती ओसरीवर चहा पीत बसलेली, कपाळ घामानं भिजलेलं, आणि समोर दोन दिवसांच्या चाऱ्याचा ढीग.

"निघाला?" मी विचारलं.

"निघाला. दुसऱ्या टायमाला सोपं जाईल." आणि पोरीकडं वळून, "भ्यायचं न्हाई. आंग सैल सोडायचं. मी भ्याले म्हनून अडाकला."

पोरीला परवानगी मिळाली ती अशी. तिलाही पहिल्या महिन्यात जमलं नाही. कधी गळायचा, कधी वाकडा बसायचा, म्हणून सोबत कापड ठेवायची आणि चिडायची. दुसऱ्या महिन्यात घडी बदलून बघितली. तिसऱ्या महिन्यात ती तसल्या दिवशी पाटाच्या कडेनं पळायला गेली आणि येऊन गुपचूप पोहे खात बसली. बायकोनं नुसती मान हलवून विचारलं, तिनं नुसती मान हलवून सांगितलं. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हतो.

मैदानी चाचणीची तारीख लागली आणि जे व्हायचं तेच झालं. आदल्या संध्याकाळी पोरगी न्हाणीतून आली आणि म्हणाली, "आलीच." सगळ्यांत जास्त घाबरलो मी.

नगरला आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं गेलो. पोरं-पोरी आत गेली, आईबाप बाहेर रस्त्याच्या कडेला. मी बायकोला विचारलं, "सकाळी रिकामा केला होता ना? आत जागा असेल ना? लई वेळ लागला तर?"

"तुमच्या पोटात दुखतंय का?" ती म्हणाली. "मग गप बसा."

मी शेजारच्या माणसाला, जो आपल्या मुलासाठी आला होता, ऊस कसा आहे विचारत राहिलो. तो काय म्हणाला ते आठवत नाही.

ऊन वर आलं तेव्हा पोरगी फाटकातून बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, गुडघ्याला माती, छातीवर नंबरचं कापड तसंच. बायको पुढं झाली.

"झालं. मैदान निघालं, लेखीला बोलवणार," पोरगी म्हणाली. मग आईच्या कानाशी तोंड नेलं, पण मलाही ऐकू आलं. "आई, शेवटच्या वळणाला, आज पाळी आहे हेच विसरले मी. नुसती पळत होते."

ती हात-तोंड धुवायला नळाकडं गेली. मला इतका आनंद झाला होता की काहीतरी बोलायलाच पाहिजे होतं. मी म्हणालो, "बघ, त्या कपानं काम केलं!"

बायकोनं पिशवीतून पोरीचा डबा काढला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "कप पळाला व्हय? पोरगी पळाली. मागच्या साली बी अशीच पळत हुती, निम्मं ध्यान तेवढं मागं हुतं तिचं. आता लेखीचं पुस्तक कुठं मिळतंय ते बघा, अन् जाताना तिला रस आना. बर्फ नको म्हनावं."