मी पट्टा काढला

ताईंनी खुर्चीवर जुना टॉवेल अंथरला, मग म्हणाल्या, "बैस आता." इतकी वर्षं त्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटल्या. खुर्ची मिळाली ती चोर ठरवायला.

घर इलेक्ट्रॉनिक सिटीतलं. ताई पुण्याच्या. मला कामावर ठेवलं तेव्हा "आपली मराठी बाई मिळाली" म्हणून सगळ्यांना सांगत होत्या. मग त्यांची सोन्याची बांगडी हरवली. घरात साहेब आणि ताईंची नणंद राहत होते. पाहुणे येऊन गेले होते. पण खोटं पकडायच्या मशीनवाल्याला पैसे देऊन बोलावलं, ते फक्त माझ्यासाठी.

तो माणूस इथलाच, कन्नडमध्ये बोलत होता. ताईंना कन्नड येत नाही. त्यानं छातीला पट्टा बांधला, तो श्वास बघतो. दंडाला दुसरा, तो रक्तदाब आणि ठोके बघतो. बोटांना चकत्या लावल्या, त्या घाम बघतात. उत्तर देताना यातलं काय बदललं, त्याच्या रेघा लॅपटॉपवर उमटतात. सरावाला त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. रेघ एकदम वर उडाली.

"नावसुद्धा खोटं सांगते की काय ही?" ताई म्हणाल्या. नणंद हसली.

मोठ्या माणसानं नुसतं नाव विचारलं तरी माझे तळहात भिजतात. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही भिजायचे. मशीनला खोटं दिसत नाही. भीती दिसते. आणि रोज निघताना दारात "पिशवी झटकून दाखव" म्हणून ती भीती वाढवली कुणी?

मी त्याला हळूच कन्नडमध्ये विचारलं, पोलीस असंच करतात का?

"तपास अडला की करतात, अक्का. पण माणूस कोर्टासमोर हो म्हणाला तरच. आणि मशीननं खोटं म्हटलं म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही."

"मी बेडा म्हटलं, नको म्हटलं, तर?"

त्यानं ताईंकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "तर मला करता येणार नाही."

नको म्हणता येतं, हे मला त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं.

मी ताईंना मराठीत विचारलं, "माझ्यानंतर कोण बसणार? नणंदबाई? साहेब?"

"तोंड सांभाळ. आम्ही घरचे आहोत."

मी बोटांच्या चकत्या काढल्या. दंडाचा पट्टा काढला, छातीचा काढला.

"म्हणजे चोरी कबूल," ताई म्हणाल्या.

"चोरी केली नाही. पोलिसांत द्या. तिथं तोंडानं सांगेन. अंगाला पट्टा लावू देणार नाही."

काम गेलं. ताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, म्हणून बाकीची घरंही गेली. बांगडी सापडली की नाही, मला माहीत नाही. सापडली तरी मी त्या दारात जाणार नाही.

आता तिथं रायचूरकडची नवी मुलगी काम करते. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडते. तरी तिला गेटवर गाठणार आहे. सांगणार आहे, त्या घरात काही हरवलं की मशीन आणतील. तू नको म्हण. भीत भीत म्हण, पण म्हण.