अण्णांचं अठ्ठ्याण्णव

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सर्जापूर रोडवरच्या ऑफिसात होते आणि समोरचा लॅपटॉप अपडेट होत बसला होता. हातात काही नव्हतं. अण्णा असते तर म्हणाले असते, "बघ, तुझं नवं मशीन ऐनवेळी आडवं पडतंय." माझे सासरे जाताजाताही वाद जिंकून गेले...

अण्णा मूळचे निपाणीचे, पण नोकरी आणि संसार सगळा बंगळूरूत. निवृत्तीनंतर मल्लेश्वरमच्या घरी बसून ते इथल्या मराठी कुटुंबांच्या लग्नपत्रिका छपाईसाठी संगणकावर जुळवून द्यायचे. त्यांच्या खोलीत तीन जुने संगणक होते, प्रत्येकावर वेगळी कार्यप्रणाली, आणि तिघांचे गुणदोष ते स्थळं सांगावीत तसे सांगत. डॉस सरळमार्गी, सांगितलं तेवढंच करणार. पण एक अक्षर चुकलं की ओळखसुद्धा दाखवणार नाही. विंडोज अठ्ठ्याण्णव थोडक्या मेमरीत भागवणारं, त्यांचे जुने मराठी फॉन्ट निमूट चालवणारं. पण एक प्रोग्राम कोसळला की सगळ्यांना घेऊन बुडणारं, वर निळा पडदा. एक्सपी धीराचं, दिवसचे दिवस न कुरकुरता चालणारं. पण अपडेट थांबल्यापासून दाराला कडी नाही, येईल तो व्हायरस आत. "मग चांगलं कुठलं?" मी विचारायची. मी पुण्याची, त्यात सॉफ्टवेअर तपासण्यावर पोट असलेली. मला एका शब्दात उत्तर हवं असायचं. "चांगलं कसलं गं? आपल्याला कुणाचं काय सोसवतंय ते बघायचं," अण्णा म्हणायचे. त्यावर स्वयंपाकघरातून आईंचा आवाज यायचा, "मी सोसतेय की!"

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्या खोलीचा मनस्वी राग. त्याला कारणही होतं. आमच्याच लग्नाची पत्रिका अण्णांनी अठ्ठ्याण्णववर जुळवली आणि फाइल इथल्याच, बंगळूरूच्या शिवाजीनगरातल्या छापखान्यात धाडली. तिथे एक्सपी, आणि अण्णांचा फॉन्ट नाही. गणपतीच्या श्लोकाच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं उमटली. साधा फॉन्ट पाठवायचा, की नाही? पण अण्णा हट्टाला पेटले. सीपीयू दुलईत गुंडाळून मांडीवर घेतला आणि आईंसकट ऑटोत बसले. प्रत्येक खड्ड्याला ऑटोवाल्याला कानडीत म्हणत होते, "स्वल्प निधान, अण्णा, स्वल्प निधान!" म्हणजे जरा हळू, दादा, जरा हळू. आई सांगायच्या, "मी बाळंतीण होऊन घरी आले तेव्हासुद्धा एवढं जपलं नव्हतं." पत्रिका मात्र झकास छापली गेली.

छातीत कळ आली म्हणून अण्णा हॉस्पिटलात गेले, ते अठ्ठ्याण्णव चालू ठेवूनच. परत आलेच नाहीत. त्याची डिस्क म्हातारी झाली होती. एकदा फिरायची थांबली तर पुन्हा फिरेलच असं नाही, म्हणून अण्णा अलीकडे ते बंदच करत नसत. आता आईही करू देईनात. पंख्याची घरघर खोलीतून ऐकू येत राहिली आणि आई दाराशी बसून भाजी निवडू लागल्या. ती घरघर थांबली तर ते खरंच गेले असं होईल, एवढंच त्या एकदा बोलल्या.

मग परवा संध्याकाळी वीज गेली. यूपीएस कोकलू लागला. चालू असताना मध्येच वीज तुटली तर जास्त धोका, त्यापेक्षा आपणच नीट बंद करू, मी म्हटलं. आई उठल्या. "सरक. सांग कुठं दाबू." मी माऊस त्यांच्या हातात दिला. पडदा काळा झाला आणि नारिंगी इंग्रजी अक्षरं आली: आता संगणक बंद करायला हरकत नाही. मी अर्थ सांगितला. आई थोडा वेळ बघत राहिल्या आणि त्यांनीच बटण दाबलं. खोली एकदम शांत झाली...

वीज आल्यावर ते खोकत, कण्हत सुरू झालं. आई रडल्या, मग हसल्या. तेव्हापासून आई सकाळी ते स्वतः लावतात, त्यावर पत्ते खेळतात आणि रात्री बंद करतात. डिस्क जाईल तेव्हा जाईल, म्हणतात. ती नारिंगी ओळ यायला बराच वेळ लागतो, पण बटणावर बोट ठेवून उभ्या राहतात. काल पानं वाढून आम्ही सगळे थांबलो होतो. मी हाक मारली, "आई, जेवायला चला, आमटी गार होतेय."

"आले, आले," आई आतून म्हणाल्या. "त्यांनी अजून हो म्हटलं नाही."